हेडचे बोल्ट: आधी भोकं साफ, मग टॉर्क पाना

बाहेरून इंजिन बांधून आलेला ट्रक. चढाला लागला की रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर गॅसकेट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) दोन सिलिंडरांच्या मधोमध उडालेलं, आणि बोल्टच्या भोकांत तळाशी तेल साचलेलं. खरं दुखणं तेच! तळ बंद असलेल्या भोकात तेल असलं की बोल्ट पुरता खाली बसत नाही, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) मात्र टाइट दाखवतो. त्यावर आणखी जोर लावला तर ब्लॉकला चीर जाऊ शकते. आटे साफ केले, भोकं हवा मारून कोरडी केली. नवे बोल्ट घेतले, आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचा नुसता हात फिरवला. मधल्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. शेवटचा टप्पा अंशात, म्हणजे बोल्ट ठरलेल्या कोनात फिरवून, खडूची खूण करून. आकडे त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्या, अंदाजाने नकोत. भरल्या गाडीने घाट चढला, पाणी जागेवर.