मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांचे वादग्रस्त लेखन कसे वाचावे आणि त्यावर कसे बोलावे

कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलने असोत की बेळगाव शहरातल्या व्याख्यानमाला, सीमाभागातल्या मराठी श्रोत्याला वैचारिक विषयाचे वावडे नाही. अशा व्यासपीठासाठी, किंवा वाचनालयात जमणाऱ्या लहानशा अभ्यासमंडळासाठी, सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असे मानणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापिका हेलेना पेत्रोव्हना ब्लॅव्हॅट्स्की हा विषय घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच गृहीत धरावी. श्रोत्यांपैकी काहींच्या मते त्या हिमालयातल्या महात्म्यांच्या शिष्या होत्या आणि काहींच्या मते निव्वळ भोंदू. दोघांनाही वक्त्याकडून निकाल हवा असतो. तो देण्याची घाई करू नये. येथे प्रश्न एक नसून तीन आहेत: त्यांच्या भोवती घडलेले म्हणून सांगितले जाणारे चमत्कार व महात्म्यांची पत्रे खरी होती का, त्यांच्या ग्रंथांतला मजकूर कोठून आला, आणि त्या विचारांचा पुढे कोणी कसा उपयोग केला. तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत, आणि एकाचा निकाल दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

तयारीची सुरुवात सनावळीपासून करावी, कारण या विषयावरच्या बहुतेक चुका सन चुकल्यामुळे होतात. जन्म १८३१ चा, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या द्निप्रो शहरातला. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये कर्नल ऑल्कॉट, विल्यम जज आदींसह सोसायटीची स्थापना झाली आणि १८७७ मध्ये ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथून ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झाले, आणि १८८२ च्या अखेरीस मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला गेले. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांच्याशी झालेली युती १८८२ सालीच तुटली. १८८५ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला, १८८८ मध्ये लंडनहून ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ प्रसिद्ध केला, आणि १८९१ च्या मे महिन्यात तेथेच त्यांचे निधन झाले. एवढे टाचण हाताशी असले की १८७७ च्या पुस्तकातले वाक्य १८८८ च्या सिद्धान्ताला आधार म्हणून जोडण्याची चूक टळते; पुनर्जन्माविषयीची त्यांची भाषा या दोन ग्रंथांत एकसारखी नाही, हे तर वाचताना आवर्जून तपासावे.

त्यानंतर आवृत्ती पाहावी. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ १८८८ मध्ये दोन खंडांत निघाला. ॲनी बेझंट आणि जी. आर. एस. मीड यांनी दुरुस्त केलेली आवृत्ती १८९३ मध्ये आली, आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, ‘तिसरा खंड’ म्हणून आणखी एक पुस्तक छापले गेले. या दुरुस्त्या आणि हा तिसरा खंड लेखिकेला कितपत मान्य झाला असता, यावर थिऑसॉफिस्टांमध्येच तट पडले. म्हणून उतारा वाचून दाखवण्यापूर्वी मुखपृष्ठाच्या मागचे पान उघडून तो कोणत्या आवृत्तीतला आहे याची नोंद करावी, आणि शक्य असेल तर मूळ १८८८ च्या पाठाशी ताडून पाहावा. विखुरलेल्या लेखांसाठी बोरिस द झिरकॉफ यांनी संपादित केलेली समग्र लेखनाची मालिका सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यात लेख कालक्रमाने लावलेले आहेत. समाजमाध्यमांवर त्यांच्या नावाने फिरणारी सुभाषिते मात्र, ग्रंथ व पान सापडेपर्यंत, वापरूच नयेत.

सर्वाधिक वेळ १८८४ ते १८८६ या काळातल्या वादाला द्यावा, कारण श्रोत्यांचे प्रश्न बहुधा तेथेच येतात. अड्यारच्या घरात काम करणाऱ्या एमा कूलोम यांनी ब्लॅव्हॅट्स्की यांची म्हणून काही पत्रे मिशनऱ्यांकडे दिली, आणि ती सप्टेंबर १८८४ पासून ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये छापली गेली, त्यांत चमत्कार कसे घडवून आणायचे याच्या सूचना होत्या. ब्लॅव्हॅट्स्की यांनी आक्षेपार्ह मजकूर बनावट असल्याचे सांगितले. अतींद्रिय घटनांची चौकशी करणाऱ्या, लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने चौकशीसाठी रिचर्ड हॉजसन यांना हिंदुस्थानात पाठवले, आणि १८८५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अहवालात फसवणुकीचा निष्कर्ष आला. येथे बारीक लक्ष द्यावे: इतिहासातली एक अत्यंत कुशल तोतया, अशा अर्थाचे जे वाक्य नेहमी हॉजसन यांच्या नावावर सांगितले जाते, ते प्रत्यक्षात त्या संस्थेने नेमलेल्या समितीच्या निवेदनातले आहे. महात्म्यांच्या पत्रांचे अक्षर तपासणारे तज्ज्ञ नेदरक्लिफ्ट यांनी आधी ते ब्लॅव्हॅट्स्की यांचे नाही असे मत दिले आणि नंतर ते बदलले, हेही झाकून ठेवू नये. हॉजसन यांनी ब्लॅव्हॅट्स्की यांच्यावर रशियाच्या हितासाठी काम केल्याचा जो संशय घेतला, त्याला तर तर्कापलीकडे फारसा आधार नव्हता.

शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेचे सदस्य आणि बनावट दस्तऐवजांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी संस्थेच्याच नियतकालिकात हॉजसन यांच्या अहवालावर कडक टीका केली. पुरावा निवडक आणि पद्धत पक्षपाती असल्याचे त्यांनी दाखवले. यावरून ‘संस्थेने माफी मागितली’ असे काही अनुयायी सांगतात, पण संस्था सामूहिक मत बाळगत नाही आणि लेख एका सदस्याचा होता. शिवाय अहवाल सदोष ठरल्याने चमत्कार सिद्ध होत नाहीत. एकच कागद दोन बाजूंना कसा वेगळा दिसतो, हे सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाचा उच्चार ऐकत वाढलेल्या माणसाला समजावण्याची गरज नाही. तोच सावधपणा येथे वापरावा. महात्म्यांनी इंग्रज पत्रकार ए. पी. सिनेट यांना लिहिली म्हणून मानली जाणारी पत्रे १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली आणि मूळ कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यामुळे निदान त्यांची तपासणी पुन्हा होऊ शकते.

मजकुराच्या उगमाचा प्रश्न याहून सोपा नाही, पण अधिक फलदायी आहे. विल्यम एमेट कोलमन यांनी ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये शंभरेक पुस्तकांतून सुमारे दोन हजार उतारे श्रेय न देता घेतल्याचा आरोप केला. कोलमन हे प्रेतात्मवादी (मृतांच्या आत्म्यांशी संपर्क होतो असे मानणाऱ्या) गटातले कडवे विरोधक होते, आणि सविस्तर पुराव्याचे जे पुस्तक काढण्याचे त्यांनी जाहीर केले ते निघाले नाही. तरीही उसनवारीचा मुख्य आरोप त्यामुळे खोटा ठरत नाही. अभ्यासमंडळाने स्वतः एक प्रयोग करावा: ग्रंथातले एखादे प्रकरण घेऊन, त्यात भागवत किंवा विष्णुपुराणाचा जेथे आधार दिला आहे ते स्थळ मराठी भाषांतरात किंवा मूळ संस्कृतात शोधावे आणि अर्थ किती जुळतो ते पाहावे. पुराणांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला हे काम एखाद्या युरोपीय अभ्यासकापेक्षा लवकर साधते, असे माझे मत आहे. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ एका अतिप्राचीन गुप्त पोथीतले म्हणून सांगितलेल्या ज्या द्झ्यानच्या श्लोकांवर रचलेला आहे, त्यांची मूळ पोथी मात्र आजवर कोणी पुढे आणलेली नाही.

‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’मधली वंशांविषयीची प्रकरणे टाळू नयेत. सात मूलवंशांची (मानवजातीच्या एकामागून एक येणाऱ्या सात टप्प्यांची) मांडणी, लेम्युरिया व अटलांटिस ही बुडालेली खंडे, आणि सध्याचा पाचवा ‘आर्य’ वंश, हे सारे त्यांत आहे. लेम्युरियाची कल्पना प्राणिशास्त्रज्ञ स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये लेमूर प्राण्यांच्या प्रसाराचा उलगडा करण्यासाठी मांडली होती, म्हणजे प्राचीन गुह्यज्ञान म्हणून सांगितलेल्या भागात तत्कालीन विज्ञानही मिसळलेले आहे. काही आदिवासी समाजांना हीन ठरवणारी वाक्ये आहेत, आणि जात, वंश, पंथ न पाहता विश्वबंधुत्व मानणे हे त्याच सोसायटीचे पहिले उद्दिष्टही आहे. दोन्ही वाचून दाखवावीत. पुढे ऑस्ट्रियातल्या गिडो फॉन लिस्ट यांच्यासारख्यांनी ही मांडणी जर्मन वंशश्रेष्ठत्वासाठी वापरली, याची जबाबदारी किती कोणाची हे मंडळाने चर्चेत ठरवावे.

बेळगावच्या श्रोत्यांसाठी दोन दुवे उपयोगी पडतील. १८९२ मध्ये बेळगावात मुक्काम केलेल्या स्वामी विवेकानंदांनी १८९७ च्या मद्रासच्या व्याख्यानात थिऑसॉफिस्टांवर कडक टीका केली. उलट, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेल्या गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की लंडनमध्ये ब्लॅव्हॅट्स्की यांचे ‘की टू थिऑसॉफी’ वाचून त्यांना हिंदू धर्माचे ग्रंथ वाचण्याची इच्छा झाली. आणि तरीही त्यांनी त्या वेळी सोसायटीत येण्याचे निमंत्रण नाकारले, कारण स्वतःच्या धर्माचेच ज्ञान अपुरे आहे असे त्यांना वाटत होते.

व्याख्यान संपल्यावर ‘मग त्या खऱ्या की खोट्या?’ हा प्रश्न येईलच. त्या वेळी विचारणाऱ्याला चमत्कार, मजकूर की परिणाम यांपैकी कशाबद्दल विचारायचे आहे ते आधी विचारून घ्यावे, आणि तेवढ्याचेच उत्तर, सन व आवृत्तीसह, द्यावे.