मेंडेल्सोनचा ई मायनर कॉन्चेर्टो बसवताय? या चुका टाळा

ऑर्केस्ट्राबरोबरच्या माझ्या पहिल्या तालमीत कंडक्टरने तिसऱ्या मिनिटाला हात खाली घेतले आणि शांतपणे विचारलं, क्लॅरिनेट काय वाजवताहेत ते ऐकू येतंय का? मी खोटंच मान हलवली. आठ महिने रोज मेंडेल्सोनचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका सोलो व्हायोलिनसाठी ऑर्केस्ट्राच्या साथीने लिहिलेली रचना, वाजवत होते. बोटं पाठ होती, बो (गज) पाठ होता. पण त्या जागी क्लॅरिनेट आहेत हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासाठी तो पियानोचा उजवा हात होता.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे अजून गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून आधीच सांगते : हा विषय पाश्चात्त्य अभिजात संगीताचा आहे. आणि अनुभव मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात व्हायोलिन शिकत असतानाचा. मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराचा हा कॉन्चेर्टो जवळपास प्रत्येक व्हायोलिन विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी ना कधी येतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेते.

या रचनेची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण बहुतेक चुकांचं मूळ तिच्यात सापडतं. मेंडेल्सोनने १८३८ साली व्हायोलिनवादक फर्डिनांड डाव्हिडला पत्रातून कळवलं की ई मायनरमधला एक कॉन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात स्वस्थ बसू देत नाही. काम संपायला १८४४ उजाडलं. मधल्या काळात तो डाव्हिडला सारखे प्रश्न विचारत राहिला. १३ मार्च १८४५ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात, तिथल्या ऑर्केस्ट्राबरोबर, डाव्हिडने तो पहिल्यांदा वाजवला. मेंडेल्सोन आजारी असल्याने कंडक्टर होता नील्स गाडे. आता हा डाव्हिड कोण, तर त्याच ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या बाकावरचा मुख्य व्हायोलिनवादक. एरवी तो त्याच लोकांत बसून वाजवणारा. क्लॅरिनेट कुठे श्वास घेतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण पुण्या-मुंबईत, गोव्यात शिकतो ते बहुतेक वेळा एबीआरएसएम किंवा ट्रिनिटीच्या परीक्षांसाठी, पियानोच्या साथीवर. ऑर्केस्ट्राच्या मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा कॉन्चेर्टो ऐकण्याची संधी फार थोड्यांना मिळते. म्हणून आपण कॉन्चेर्टो नाही, त्यातली एक ओळ शिकून येतो.

फक्त आपलीच ओळ पाठ करणं

पहिल्या भागातली दुसरी धून घ्या, जी मेजरमधली, म्हणजे मी अडकले तीच जागा. धून क्लॅरिनेट आणि फ्लूट वाजवतात. सोलो व्हायोलिन काय करतं? सगळ्यात खालची मोकळी जी तार अगदी हळू, लांबवर धरून ठेवतं. फक्त आपल्या ओळीची स्वरलिपीची वही बघून सराव करणाऱ्याला हा विसावा वाटतो. खरं तर तिथे आपण तानपुरा असतो. जी हाच त्या धूनचा सा, आणि तो आपण देतोय.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे बो थरथरतो. आधीच्या धावपळीनंतर हात तापलेला असतो, एकदम हळू आणि लांब सूर धरायचा म्हटलं की माणूस श्वास रोखतो आणि बो उड्या मारू लागतो. एकाच बोमध्ये जास्त काळ काढायचा अट्टहास सोडा. बो कुठे बदलायचा, म्हणजे उलट्या दिशेने फिरवायचा, ते ठरवून टाका, शक्यतो क्लॅरिनेटच्या वाक्याच्या मध्यात, म्हणजे तो लपतो. आणि बदलताना श्वास सोडा. दुसरी बिघाडाची जागा म्हणजे सूर. मोकळी तार बोटाने सावरता येत नाही. जर्मनीत बरेच ऑर्केस्ट्रा ए हा सूर ४४२ किंवा ४४३ हर्ट्झवर लावतात, आणि सरावाच्या खोलीतला पियानो ४४० वर असला तर फरक अर्ध्या सुराच्या साधारण आठव्या ते बाराव्या हिश्शाएवढा पडतो. ऐकायला किरकोळ, पण आठ महिने खालच्या सुराची सवय झालेला कान ऐनवेळी बोटांना सगळीकडे थोडं थोडं खाली ओढतो. तालमीच्या निदान दोन आठवडे आधी ऑर्केस्ट्राचा ए किती आहे ते विचारा आणि त्यावरच तारा लावून सराव करा. शिवाय ए पासून पंचम अगदी शुद्ध लावत खाली आलात की जी किंचित उतरलेला राहतो. फ्लूट-क्लॅरिनेटसारख्या वाऱ्याच्या (फुंकून वाजवायच्या) वाद्यांखाली तो उघडा पडतो. जीला तेवढं वर घ्या.

मी पुढे काय केलं, तर आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, उतरवला आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. निळा : इथे मी धून वाजवते. हिरवा : इथे मी साथ करते. लाल : इथे मला कुणाचं तरी ऐकूनच शिरायचं आहे. हिरवा रंग अपेक्षेपेक्षा दुप्पट निघाला.

सुरुवातीला तयार नसणं

बेथोवेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्रा आधी साधारण तीन मिनिटं वाजवतो. तेवढ्यात छातीतली धडधड बसते. मेंडेल्सोन ही सवलत देत नाही. दीड मापाची साथ (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट, बार), साधारण दोन सेकंद, की तुम्ही ई तारेवर उंचावर एकटे. कंडक्टरने हात उचलल्यावर व्हायोलिन खांद्यावर घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आधी व्हायोलिन वर, बोट जागेवर, मग नजर.

आणि लय कुणाची? तुमची. पण ती तालमीआधी कंडक्टरला गाऊन दाखवा. सुरुवातीची धून डोक्यात ठेवून लय ठरवली तर ती हटकून जास्त निघते. पुढे येणाऱ्या ट्रिपलेटच्या (एका ठोक्यात तीन सूर) ताना आणि पहिल्या टुट्टीआधीची, म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा एकदम शिरतो त्याआधीची, ऑक्टेव्हजची (सप्तकाच्या अंतराने जोडसुरांची) चढण डोक्यात ठेवून ठरवा. तिथे जी झेपेल तीच खरी लय.

कॅडेंझात लय सोडून देणं

माझ्या मते विद्यार्थी सगळ्यात जास्त आपटतात ते इथे.

कॅडेंझा म्हणजे ऑर्केस्ट्रा गप्प असताना सोलोवाल्याने एकट्याने वाजवायचा तुकडा. त्या काळापर्यंत ती बहुधा भागाच्या शेवटी यायची, आणि पुष्कळदा ती वादकानेच रचायची असे. तिच्या अखेरीस एक लांब ट्रिल (शेजारचे दोन सूर भरभर आलटून पालटून), की कंडक्टर समजतो : आता आत यायचं. मेंडेल्सोनने सूर न् सूर लिहून दिला आणि कॅडेंझा भागाच्या मध्यावर, मूळ धून परत येण्याच्या आधी ठेवली. शेवटी ट्रिल नाही. चारही तारांवर उसळत्या बोने आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागोमाग) चालू असतात, आणि ते चालू असतानाच ऑर्केस्ट्रा हळूच मूळ धून घेऊन शिरतो. म्हणजे ज्या क्षणी प्रेक्षक तुमच्या बोकडे बघत असतात, त्याच क्षणी तुम्ही साथीदार झालेले असता.

हे आर्पेजिओ आधी क्वेव्हरमध्ये, मग ट्रिपलेटमध्ये, मग सेमीक्वेव्हरमध्ये लिहिलेले आहेत. आपल्या भाषेत बरोबरी, दीडपट, दुप्पट. मूळ लय हलत नाही, तिच्यातले सूर वाढतात. गंमत अशी की तबल्याच्या साथीवर वाढलेल्या मराठी मुलाला हे सहज कळायला हवं, आणि तोच इथे लिहिलेल्या वाढीवर स्वतःची आणखी वाढ चढवतो. दुप्पट येईपर्यंत मूळ लय कुठच्या कुठे गेलेली असते, बो लोण्यासारखा घसरायला लागतो आणि बिचारा कंडक्टर हात अधांतरी धरून उभा.

सराव असा : मेट्रोनोम, पण प्रत्येक ठोक्याला नाही, दोन मापांत एकदाच वाजेल असा. हाताने टाळी देत बरोबरी, दीडपट, दुप्पट तोंडाने म्हणा. मगच व्हायोलिन उचला. आणि बो उसळत नसेल तर जोर लावू नका. उसळण्याची गती बोच्या कोणत्या भागावर आहात त्यावर ठरते, टोकाकडे भरभर, मुठीकडे संथ. तुमच्या लयीला जुळणारी दोन-तीन बोटं रुंदीची जागा शोधा आणि तिथे पेन्सिलीने नाही, पण मनात खूण करा. (मी पेन्सिलीने केली होती. बो दुरुस्त करणाऱ्याने मला ऐकवलं.)

पियानोवाल्याला ऑर्केस्ट्रा समजणं

तुमचा कोरेपेटिटर, म्हणजे साथीचा पियानिस्ट, तुमच्या भुवईच्या हालचालीवर थांबतो. चाळीस-पन्नास माणसं थांबत नाहीत. ती कंडक्टरकडे बघतात, कंडक्टर तुमच्याकडे, आणि तुम्ही बहुधा डोळे मिटून. त्यात फ्लूट आणि क्लॅरिनेट तुमच्या मागे आठ-दहा मीटरवर. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायलाच पंचवीस-तीस मिलिसेकंद जातात. शेवटच्या भागात, जिथे चपळ धून तुमच्याबरोबर वाऱ्याची वाद्यंही वाजवतात, तिथे कानावर विसंबून राहिलात की दर मापाला थोडे मागे पडता. तिथे कॉन्सर्टमास्टरचा बो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा.

रुबातो करू नये असं मुळीच नाही. मापाच्या आत हवं तसं ओढा, सोडा, पण समेवर या. हे वाक्य मी एका जर्मन वर्गमित्राला समजावायला अर्धा तास घालवला होता. तुम्हाला एका ओळीत कळलं असेल.

रेकॉर्डिंगबरोबर वाजवत राहणं हाही उपाय नाही. त्याने तुम्ही उत्तम अनुयायी बनता. ऐका जरूर, पण वाजवताना बंद ठेवा. त्यापेक्षा विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसून कुणाच्या तरी कॉन्चेर्टोची साथ करा.

तालमीला जाताना एक बारीक गोष्ट तपासा : तुमच्या वहीतली तालमीची अक्षरं (कुठून सुरू करायचं ते सांगायला छापलेल्या ए, बी, सी अशा खुणा) आणि ऑर्केस्ट्राच्या वह्यांतली अक्षरं एकच आहेत का? आवृत्त्या वेगळ्या असल्या तर तुमचा 'डी' म्हणजे त्यांचा 'एफ' असू शकतो. मापांचे क्रमांक लिहून न्या. सोलोवाल्याला तालमीत वेळ मोजून मिळतो आणि तो अक्षरं शोधण्यात जातो.

भागांच्या मध्ये विश्रांती गृहीत धरणं

पहिला भाग संपतो, सगळे थांबतात आणि एकच बसून सूर धरून राहतो (वाद्याचं नाव आहे ते, उभं राहूनही वाजवतात). तो बी सूर धरतो, मग सीवर सरकतो आणि दुसरा भाग सुरू. मध्ये टाळ्या नाहीत, घाम पुसणं नाही, तारा लावणं नाही. पहिल्या भागात ई तार उतरली असेल तर ती तशीच घेऊन पुढे जायचं. म्हणून सराव करताना मुद्दाम एक तार थोडी उतरवा आणि बोटांनी सावरत दुसरा भाग वाजवा. त्याच भागाच्या मधल्या तुकड्यात धून आणि तिची थरथरती साथ, दोन्ही तुम्हालाच वाजवायची असतात. तिथे डावा हात आधीच थकलेला असतो. सगळे भाग सलग, एकूण पंचवीस मिनिटांच्या वर, पहिल्यांदा रंगमंचावरच वाजवणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा सलग वाजवा, चुकलात तरी न थांबता.

पाठांतरातला फाटा

दुसरी धून आधी जी मेजरमध्ये येते, परतताना ई मेजरमध्ये. मधल्या वाटा इतक्या सारख्या आहेत की मन बेसावध असलं तर परतीच्या वाटेवर तुम्ही जुन्या फाट्याला वळता. ऑर्केस्ट्रा ई मेजरमध्ये, तुम्ही भलतीकडे. हे फाटे शोधून ठेवा आणि व्हायोलिन हातात न घेता, बसमध्ये, तोंडाने म्हणा : इथे डावीकडे, इथे उजवीकडे. सुरुवातीपासूनच वाजवता येत असेल तर पाठ झालंय असं समजू नका. कुणालाही कुठलाही आकडा सांगायला लावा आणि त्या मापापासून सुरू करा.

खोलीतला आवाज आणि साडी

सरावाच्या छोट्या खोलीत आपला आवाज मोठा वाटतो. सभागृहात फोन शेवटच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करा, पाच मिनिटं पुरतात. हळू वाजवायचं म्हणजे बो घोडीपासून दूर नेऊन पुटपुटायचं, हा गैरसमज तिथेच फिटतो. घोडीजवळ या, बो संथ ठेवा.

कपडे. मला हट्टाने पैठणी नेसायची होती. पदर डाव्या खांद्यावर येतो, आणि व्हायोलिनही तिथेच. रेशीम आणि जरीवरून शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखालचा खांद्यावर टेकायचा आधार) घसरतो, हे मला रंगीत तालमीत कळलं. शेवटी पदर उजवीकडे घेतला, गुजराती पद्धतीने, आणि आईला फोटो पाठवल्यावर तिने दोन दिवस फोन केला नाही. ठुशीही नको, ती लाकडावर वाजते.

तार तुटली तर काय? रिवाज असा की सोलोवाला कॉन्सर्टमास्टरचं व्हायोलिन घेतो, कॉन्सर्टमास्टर शेजाऱ्याचं, आणि तुटलेलं मागे जातं. तालमीनंतर मी आमच्या कॉन्सर्टमास्टरला सहज विचारलं. तो हसला आणि त्याने स्वतःचं व्हायोलिन पुढे केलं. त्याला शोल्डर रेस्टच नव्हता, चिनरेस्ट (हनुवटी टेकायची जागा) मधोमध. मी ते पाच मिनिटं मागून घेतलं आणि रिकाम्या सभागृहात सुरुवातीच्या आठ ओळी त्याच्यावर वाजवून पाहिल्या.