पंचवीस ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलासाठी

‘पंचवीस लिही’ म्हटलं की पहिली-दुसरीतलं मूल बरेचदा ५२ लिहितं. हा निष्काळजीपणा नसतो. मराठीत आपण आधी पाच बोलतो, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही वाचन दिलं, ते याच अडचणीपायी.

अशा वेळी पाटी बाजूला ठेवा आणि खराट्याच्या काड्या घ्या. पंचवीस काड्या मुलाला मोजू द्या. दहा झाल्या की रबरबँड त्यानेच लावायचा. तयार गठ्ठे हातात देऊ नका. दहा सुट्या काड्यांचा एक दशक होताना त्याने स्वतः अनुभवायला हवा. मग दोन गठ्ठे त्याच्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं मोठ्याने म्हणून त्याच क्रमाने खाली अंक लिहायचे.

एकोणतीसला जास्त वेळ द्या. नावात ‘तीस’ ऐकून मुलं ३९ लिहितात. तीन गठ्ठे मांडा, ‘यातली एक काडी मला दे’ म्हणा. ती द्यायला एक गठ्ठा सोडावाच लागतो! उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. पुढे हातच्याची वजाबाकी येते तेव्हा हाच सोडलेला गठ्ठा उपयोगी पडतो.

दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी नंतर आणा. नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात.