टेक्नेशियमचे कोल्ड किट: हाडांच्या स्कॅनचा डोस बनवताना

हाडांच्या स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियम-९९एम एमडीपी (हाडांत जमणारे एमडीपी हे औषध, त्याला जोडलेले किरणोत्सारी टेक्नेशियम) बनवायला अर्धा तास पुरतो. ही सोय अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एकेलमन आणि रिचर्ड्स यांच्यामुळे झाली. १९७० मध्ये त्यांनी डीटीपीएचे (मूत्रपिंडांच्या स्कॅनचे औषध) 'झटपट' किट मांडले आणि त्यात कथिलाचा, म्हणजे स्टॅनस क्लोराइडचा, उपयोग दाखवला. आज आपल्याकडे नवी मुंबईतल्या वाशीच्या 'ब्रिट'सारख्या संस्थेकडून येणारी कोल्ड किटे, म्हणजे किरणोत्सार नसलेल्या भुकटीच्या तयार बाटल्या, याच तत्त्वावर चालतात. जनरेटरमधून, म्हणजे मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम देणाऱ्या उपकरणातून, उतरलेले परटेक्नेटेट (टेक्नेशियमचे ऑक्सिजनशी जोडलेले रूप) जसेच्या तसे एमडीपीला चिकटत नाही. कथिल आधी त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे क्षपण करते, मग एमडीपी त्याला पकडते. हवेतल्या ऑक्सिजनने कथिल मेले की किट वाया गेले, म्हणून पुढची बरीचशी काळजी कथिलासाठीच आहे.

आधी जनरेटर. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास, टेक्नेशियम-९९एम चे ६ तास. एका एल्यूशननंतर (जनरेटरमधून सलाईनने टेक्नेशियम धुऊन काढल्यानंतर) साधारण २३ तासांनी टेक्नेशियम पुन्हा कमाल पातळीला येते, त्यामुळे रोज सकाळी एल्यूट करणे सोयीचे. दोन-तीन दिवस जनरेटर तसाच ठेवला तर त्यात जवळपास स्थिर असे टेक्नेशियम-९९ साठत जाते. शेवटच्या एल्यूशनपासून २४ तासांनी एकूण टेक्नेशियम अणूंपैकी सुमारे २८ टक्के कामाचे (टेक्नेशियम-९९एम) असतात, ७२ तासांनी जेमतेम ८ टक्के. डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजण्याच्या यंत्रावर) हे दिसत नाही, पण कथिल दोघांवर सारखेच खर्च होते. सुट्टीनंतरचे पहिले एल्यूशन नाजूक किटांसाठी वापरू नका. पुन्हा एल्यूट करा.

मॉलिब्डेनम गळती (टेक्नेशियमसोबत उतरलेले मॉलिब्डेनम) रोज पहिल्या एल्यूशनला तपासा. बाटली शिशाच्या डब्यात घालून कॅलिब्रेटरमध्ये ठेवली की टेक्नेशियमचे १४० केईव्ही (ऊर्जेचे एकक) चे गॅमा किरण अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० च्या आसपासचे बाहेर येतात. मर्यादा दर मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरी, आणि तीही इंजेक्शनच्या वेळी. टेक्नेशियम झपाट्याने घटते, मॉलिब्डेनम हळू. म्हणून सकाळी काठावर पास झालेली बाटली दुपारी नापास असू शकते. जनरेटरमधून उतरलेले ॲल्युमिनियमही कागदी पट्टीवर पाहून घ्या. जास्त असेल तर हाडांच्या स्कॅनमध्ये यकृत उमटते.

आता हिशोब. समजा सकाळी ८:३० ला किट बनवले आणि ९:३० ते ११:३० दर अर्ध्या तासाला एक अशा पाच पेशंटना प्रत्येकी २० मिलिक्युरी द्यायचे आहेत. ८:३० च्या हिशोबाने हे २२.४, २३.८, २५.२, २६.७ आणि २८.३ होतात, बेरीज १२६. बाटलीत-सिरिंजमध्ये राहणारे धरून १४० घ्या. किटच्या पत्रकातली कमाल मर्यादा याहून कमी असेल तर दोन किटे बनवा.

किटची बाटली शिशाच्या आवरणात ठेवा, रबरी बूच स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. सुमारे ५ मिली परटेक्नेटेट आत सोडा, आणि सुई न काढता तेवढाच वायू सिरिंजमध्ये ओढून घ्या. दाब कमी करायला दुसरी सुई खुपसून ठेवण्याची सवय मोडा; तिथून हवा आत शिरते. पातळ करायला संरक्षकविरहित ०.९ टक्के सलाईनच. भुकटी विरघळेपर्यंत हलवा, १० ते १५ मिनिटे ठेवा. द्रव स्वच्छ दिसला पाहिजे.

शुद्धता तपासायला आयटीएलसीच्या (द्रव वर चढताना घटक वेगळे करणाऱ्या) दोन पट्ट्या लागतात, एक ॲसिटोनसाठी, एक सलाईनसाठी. तळापासून १ सेंमीवर छोटा थेंब टाका आणि लगेच द्रावकात उभी करा. थेंब हवेत रेंगाळला तर पट्टीवरच ऑक्सिडेशन होते आणि चांगले किट खराब वाटते. द्रावकाची पातळी थेंबाच्या खाली हवी. ॲसिटोनमध्ये फक्त मोकळे परटेक्नेटेट वर चढते. सलाईनमध्ये कोलॉइड झालेले टेक्नेशियम तेवढे तळाशी राहते. पट्ट्या कापून मोजा, मोकळे आणि कोलॉइड या दोन्हींची टक्केवारी १०० मधून वजा करा. ९० च्या खाली असेल तर ते किट कोणालाही देऊ नका.

कोणती पट्टी बिघडली यावरून कारण कळते. मोकळे जास्त असेल तर कथिल संपले: हवा शिरली, जुने एल्यूशन वापरले किंवा ॲक्टिव्हिटी जास्त घातली. न तपासता दिले तर थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर दिसतात. कोलॉइड जास्त असेल तर पीएच किंवा किटच्या घटकांचे प्रमाण तपासा. स्कॅनमध्ये यकृत-प्लीहा दिसतात.

एमडीपी हे सर्वांत सोसणारे किट. हृदयाच्या स्कॅनच्या सेस्टामिबीला उकळत्या पाण्यात १० मिनिटे लागतात, वेळ कमी करू नका. मेंदूच्या स्कॅनच्या एचएमपीएओला २ तासांहून जुने एल्यूशन चालत नाही, आणि स्थिरक नसेल तर बनवल्यापासून ३० मिनिटांत द्यावे लागते. फुफ्फुसांच्या स्कॅनच्या एमएएमध्ये (प्रथिनाचे सूक्ष्म कण) कण तळाशी बसतात, म्हणून डोस ओढण्यापूर्वी बाटली हलवा, आणि टोचताना सिरिंजमध्ये रक्त मागे ओढू नका. गुठळ्या होऊन स्कॅनमध्ये ठळक ठिपके उमटतात.