युरोपियन की अमेरिकन? दोन लॉबस्टर एकाच ताटात

कोकणातल्या शेवंडीला लांब मिशा असतात, डेंगे नसतात. सगळं मांस शेपटीत. अटलांटिकच्या लॉबस्टरला दोन जाडजूड डेंगे असतात आणि निम्मी मजा त्यांतच. लंडन-पॅरिसच्या बाजारात फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किंवा स्कॉटलंडचा युरोपियन आणि कॅनडाहून आलेला, बराच स्वस्त अमेरिकन, असे दोन्ही मिळतात. दुप्पट पैसे मोजण्याआधी एकदा दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा.

१. आधी ओळखा. जिवंत युरोपियन गर्द निळा, तर अमेरिकन हिरवट-तपकिरी, डेंग्यांखाली नारिंगी झाक. शिजल्यावर दोन्ही लाल. मग डोळ्यांमधलं टोक खालून बघा: तिथे बारीक काटा असेल तर अमेरिकन, गुळगुळीत असेल तर युरोपियन.

२. जोडी जुळवा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही साधारण ६०० ग्रॅमचे, जिवंत आणि टणक कवचाचे हवेत. नुकतीच कात टाकलेल्याचं कवच अंगठ्याने दबतं. आत पाणी जास्त, मांस कमी. अमेरिकेच्या मेन राज्यात उन्हाळ्यात असे मऊ कवचाचे भरपूर येतात. तसला एक टणक निळ्याशेजारी ठेवला तर हरणारच, त्यात जातीचा काय दोष? कच्चा मेलेला मात्र घेऊच नका, मांस झपाट्याने भुसभुशीत होतं.

३. जिवंत उकळत्या पाण्यात टाकू नका. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून त्याला बंदीच आहे. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून बधिर करा, मग डोक्यावर जड सुरी उभी खुपसून पुढच्या बाजूला दोन भाग करा.

४. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट पाणी. पुन्हा उकळी फुटल्यापासून १० मिनिटं. थर्मामीटर असेल तर शेपटीच्या आत ६० अंश सेल्सिअस पुरे. जास्त शिजला की दोन्ही सारखेच रबरी.

५. पहिला घास लोण्याशिवाय, शेपटी आणि डेंगा वेगवेगळे. युरोपियन सहसा घट्ट आणि चवीला भरीव लागतो, अमेरिकन मऊ आणि गोडसर. फरक आहे, पण किमतीइतका मोठा नाही, असं माझं मत. निळा घेतलात तर लोणी-लिंबावर थांबा. त्याच्यावर मालवणी मसाला म्हणजे पैसे पाण्यात. मेयोनेज घालून पावात भरायला किंवा रश्श्याला अमेरिकनच बरा.

अमेरिकनच्या डोक्यातला हिरवा लगदा टाकून द्या. त्यात प्रदूषकं साठतात म्हणून मेन राज्याचाच तसा सल्ला आहे. कवचं दोन्हींची एकत्र भाजून, कांदा-टोमॅटो घालून अर्धा तास उकळा. त्या पाण्यातला भात दुसऱ्या दिवशीचा.