नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल: जानेवारी ते मार्च

नाशिकच्या वायनरी बघायच्या तर जानेवारी ते मार्च या काळातच जा. तेव्हा तोडणी चालू असते आणि वेली घडांनी लगडलेल्या दिसतात. पावसाळ्यात डोंगर सुंदर हिरवे असतात, पण वेलींवर द्राक्षं नसतात.

एका दिवसात दोनच वायनरी ठेवा. गंगापूर धरणाजवळ सुला आणि यॉर्क शेजारी-शेजारी आहेत. सुलात गर्दी फार, त्यामुळे तिथली टूर सकाळीच उरका. संध्याकाळ मात्र यॉर्कच्या गच्चीवर, धरणाच्या पाण्याकडे बघत शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन चाखत घालवा. निवांतपणा हवा असेल तर इगतपुरीकडे, मुकणे धरणाकाठची व्हॅलोने वायनरी मला जास्त आवडते.

ड्राय डे आधी तपासा आणि गाडीला चालक ठेवाच.