आईची पुस्तिका करायची असेल तर

आई गेल्यावर वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे वाटायचे की ताटं, यावर आमच्याकडे दोन संध्याकाळी खल झाला. मी म्हटलं, भांडी राहू द्या, मी तिची पुस्तिका काढते. दादा म्हणाला, "तिच्याबद्दल छापण्यासारखं काय आहे? घरचंच तर सगळं." शेवटी 42 पानं झाली आणि तरी निम्मं राहिलं. तुमच्या मनात असं काही असेल, तर माझं काय चुकलं आणि काय जमलं ते सांगते.

आई किंवा आजी हयात असेल तर हे आजच काढा. मी तीन वर्षं आधी सुरुवात केली होती, तीही धड नाही. वही-पेन घेऊन समोर बसले आणि विचारलं, "आई, तुझं आयुष्य कसं गेलं?" ती म्हणाली, "गेलं की." आणि लसूण सोलायला लागली. पुढच्या खेपेला मी विचारलं, "तुझ्या सासूच्या चुलीला वैल होता का गं?" वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं जोडतोंड. त्यावर ती चाळीस मिनिटं बोलली. वैलावर कशाचं आधण असायचं, पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर कुठून जायचा, पहिल्या दिवशी भाकरी करपली तेव्हा सासूनं ती कुणाच्या ताटात वाढली (स्वतःच्या!). तेव्हा प्रश्न हाताला लागणारे विचारा. पाणी कुठून आणायचा, किती खेपा? लग्नात पायात काय होतं? पहिली चप्पल कधी? नळ आला तेव्हा घागरींचं काय केलं? "कसं वाटलं" हे विचारूच नका. ते मधे आपोआप येतं.

तारखा आपल्या बायकांना विचारून मिळत नाहीत. माझ्या आईची कागदावरची जन्मतारीख 1 जून. त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. त्यापेक्षा मोठ्या घटनांना दोरी बांधा. आम्ही कराडकडचे, म्हणून आमची खुंटी कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाट. आई सांगायची, "भूकंपात दादा पोटात हुता, पाचवा सरत आलता. अंगणात मांडव घालून झोपायचो." म्हणजे दादाचा जन्म 1968 च्या एप्रिल-मेमधला. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून 1967 आहे. दादा नोकरीतून जवळजवळ वर्षभर आधी घरी बसला, हे आम्हाला पुस्तिकेमुळे कळलं. अजून तो माझ्यावर चिडून आहे.

तिचं माहेर माण तालुक्यातलं, तिथं 1972 चा दुष्काळ लागू पडला. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण गेलं, तिथं खायला सुकडी मिळायची का, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी लागायची, असं विचारलं की त्या दोन वर्षांत कोण जन्मलं, कोण गेलं ते सगळं येतं. पुण्याच्या आजीला 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर विचारा. गिरणगावातल्या आजीला जानेवारी 1982 चा संप. मराठवाड्यात 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. 16 फेब्रुवारी 1980 च्या सूर्यग्रहणाला घराची दारं-खिडक्या लावून बसलेल्या बायका तर कुठंही सापडतील.

कागदांत दोन गोष्टी नक्की शोधा. एक, ती शाळेत गेली असेल तर तिच्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना अर्ज दिला की उतारा मिळतो. आईचं माहेरचं नाव वेगळं होतं हे आम्हाला माहीत होतं, पण ते नेमकं कसं लिहायचे ते तिथं दिसलं. दुसरी, आजोळच्या जमिनीचे वारसाचे फेरफार. आजोबा गेल्यावर मुलींची नावं त्यात लागतात आणि पुढच्या एखाद्या नोंदीत कमी होतात. आईची मला सापडलेली सगळ्यात जुनी सही हक्कसोडपत्रावर आहे. ती मी पुस्तिकेत घातली, खाली ओळ न लिहिता.

आवाज ध्वनिमुद्रित करताना फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, मिक्सर चालू असताना बसू नका. सुरुवातीला आपणच तारीख बोलायची. आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवायची. आईचे 11 व्हॉइस मेसेज माझ्या व्हॉट्सॲपवर होते. फोन दुरुस्तीला टाकला, तो रिकामा होऊन परत आला. त्यातल्या एकात ती फक्त "भाजीला पिशवी घिऊन ये" एवढंच म्हणाली होती. तोच सगळ्यात जास्त आठवतो.

ओव्या खुर्चीत बसून आठवत नाहीत. आईला मी महिनाभर म्हणत होते, एक तरी सांग. "आता कुठल्या, ईसारले." मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर जोंधळे टाकले. तिसऱ्या फेऱ्याला तिचं तोंड सुरू झालं. त्या दुपारी 17 ओव्या मिळाल्या. जातं नसेल तर दुसरी युक्ती आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यातली एखादी आजीसमोर लावा. "आमच्यात असं न्हाई म्हणत" म्हणून ती स्वतःची म्हणेल. एक गंमत सांगते. आईच्या सगळ्या बोलण्यात वडिलांचं नाव एकदाच आलंय, उखाण्यात. बाकी सगळीकडे "ह्येंनी".

लिहिताना तिची बोली साफ करू नका. माझा पहिला खर्डा वाचून भाचा म्हणाला, "मावशी, ही आजी नाही, ही बातम्या देणारी बाई आहे." मग "होतं"चं परत "हुतं" केलं.

पाककृतींना तिची मापं लागतात. कांदा-लसूण चटणीला आई "दोन चिपटी मिरची" म्हणायची. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, हे हिशेब नातवंडांना कुठले? तिचंच पितळी चिपटं घेतलं, जोंधळ्यानं काठोकाठ भरलं, वरून बोट फिरवलं आणि वजनकाट्यावर ओतलं. 205 ग्रॅम. मिरची अर्थातच त्याहून हलकी, ती वेगळी मोजली. पुस्तिकेत दोन्ही आकडे दिले.

फोटोंचं थोडक्यात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, मागून शिवणाचा दोरा आडवा सरकवत सोडवा. मागे नावं पेन्सिलीनं, हलक्या हातानं. ओळखायला आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे न्या. आणि तिच्या हातांचा फोटो काढून ठेवा. मनगटावरचं तुळशीवृंदावनाचं गोंदण आमच्याकडे एकाही फोटोत नाही, कारण प्रत्येक फोटोत तिनं पदराखाली हात घेतलेत.

जे ती "हे लिहू नगं" म्हणाली, ते लिहायचं नाही. दोन गोष्टी आहेत तशा. त्या माझ्याकडेच राहतील. मावशी आणि आई यांच्या हकिगती जुळत नसतील तर मात्र दोन्ही छापा, निवाडा करत बसू नका.

डीटीपीवाल्याला युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा, नाहीतर तीच फाइल परगावच्या नातवाच्या मोबाइलवर भलतीच दिसते. प्रूफ दोघांनी वाचा, त्यातला एक घरातला नको. आम्ही 60 प्रती काढल्या, कमी पडल्या.

शेवटची दोन पानं कोरी ठेवा, वर फक्त "दुरुस्ती" लिहा. जेवणं झाल्यावर मामा ओसरीवर पुस्तिका घेऊन बसला, चष्मा पुसला, आणि अर्ध्या तासानं माझ्याकडे पेन मागितलं. त्यानं लिहिलंय: "पान 9. म्हशीचं नाव चंद्री नव्हतं. चंद्री गाय. म्हैस मोरणी. ती फक्त अक्कालाच दूध द्यायची."